घरातील छळ, त्याचे आरोप आणि मुलांचा ताबा : बहिणीच्या प्रकरणात मार्गदर्शन हवे आहे (नाशिक)

गोदातीर

माझ्या धाकट्या बहिणीच्या संमतीने हा धागा सुरू करीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत, मूळ हकिगत मात्र जशी आहे तशीच लिहिली आहे.

लग्नानंतरची नऊ वर्षे ती पाथर्डी फाट्याजवळ सासरी राहिली. तिचा नवरा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सुपरवायझर आहे. गेल्या गणपतीत ती सात वर्षांच्या मुलीला आणि तीन वर्षांच्या मुलाला घेऊन पंचवटीत आमच्याकडे आली, ती परत गेलीच नाही. मारहाण पहिल्या बाळंतपणाच्या आधीपासून चालू होती हे आम्हाला त्यानंतर कळले. नऊ वर्षे दर दिवाळीला तिला भेटूनही मला ते दिसले नाही, याचे दुःख अजून जात नाही. तिने पोलिसांत एकदाही तक्रार केली नाही. मनगटाचे हाड मोडले तेव्हासुद्धा रुग्णालयाच्या केसपेपरवर "बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या" अशीच नोंद झाली, कारण डॉक्टरांनी विचारले तेव्हा नवरा शेजारी उभा होता आणि तिने तसेच सांगितले.

आता नवऱ्याने कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज केला असून त्यात क्रूरता बहिणीचीच असल्याचे म्हटले आहे. ती सारखी भांडून माहेरी जाते, आजारी सासूकडे पाहत नाही, मुलांच्या मनात बापाविषयी विष कालवते, असे आरोप आहेत. दोन्ही मुलांचा ताबाही त्याने मागितला आहे.

माझे प्रश्न तीन आहेत. इतकी वर्षे ती गप्प राहिली, तर आता तिच्या सांगण्याला न्यायालयात काही किंमत राहील का? आमच्या आत्याचे म्हणणे असे की सासूसासरे, दीर आणि दोन्ही नणंदा अशा सर्वांची नावे घालून पोलिसांत तक्रार द्यावी, म्हणजे समोरचे नमतील. हे करावे का? आणि माझ्या भाचीने सगळे डोळ्यांनी पाहिले आहे, तर तिला न्यायाधीशांपुढे बोलते करावे का?

न्यायपथ

ताई, मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वीस वर्षे वकिली करतो. तुमच्या बहिणीची कागदपत्रे पाहिल्याशिवाय तिच्या प्रकरणावर मत देणे योग्य होणार नाही, परंतु कायद्याची मांडणी समजावून सांगता येईल.

बहुतेक कुटुंबे ज्याला "केस" म्हणतात, त्या प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या वाटा असतात. घटस्फोट आणि मुलांचा कायमचा ताबा यांचा निर्णय कौटुंबिक न्यायालय करते. संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम आणि मुलांचा तात्पुरता ताबा यांसाठी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. तिसरी वाट फौजदारी गुन्ह्याची; विवाहितेच्या छळाविषयीचे भारतीय दंड संहितेतील पूर्वीचे कलम ४९८-अ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आले आहे. या तिन्ही वाटांवर पुराव्याची कसोटी एकसारखी नसते, आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. गुन्हा संशयातीत सिद्ध व्हावा लागतो. घटस्फोटाच्या दाव्यात मात्र दोन बाजूंपैकी कोणाचे म्हणणे अधिक संभवनीय वाटते एवढेच पाहिले जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली पुण्याच्या दास्ताने दांपत्याच्या प्रकरणात सांगितले. त्यामुळे फौजदारी खटल्यात नवरा सुटला तरी घटस्फोटाच्या दाव्यात त्याची क्रूरता सिद्ध होऊ शकते.

त्याच निकालाची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. तेथे पत्नीची क्रूरता न्यायालयाने मान्य केली, तरीही पतीचा दावा फेटाळला गेला, कारण त्या वर्तनानंतरही तो तिच्याबरोबर संसार करीत राहिला आणि कायद्याच्या दृष्टीने ती क्षमा ठरली. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मध्ये ही अट आहे. मात्र अशी क्षमा सशर्त असते, आणि छळ पुन्हा सुरू झाला की जुन्या घटनाही विचारात घेतल्या जातात. बहिणीच्या उत्तरात प्रत्येक घटनेनंतर ती परत नांदायला का गेली, कोणी मध्यस्थी केली, कोणती आश्वासने मिळाली, हे लिहिले जाणे म्हणूनच अत्यंत आवश्यक आहे.

मौनाविषयी सांगायचे तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १२ खालील अर्जाला मुदतीची अडचण येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. ती सध्या जेथे राहते तेथील दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे नाशिकमध्येच, अर्ज करता येतो. कायद्याची अपेक्षा अशी आहे की पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत ठेवावी आणि त्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो. त्यासाठी मनाची तयारी ठेवावी, आणि तातडीच्या अंतरिम आदेशाची मागणी पहिल्याच दिवशी करावी.

आता ताबा. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे पाच वर्षांखालील मुलाचा ताबा साधारणतः आईकडे असतो, म्हणून भाच्याच्या बाबतीत तिची बाजू आरंभीच भक्कम आहे. भाचीच्या बाबतीत असा नियम नाही. तेथे, आणि खरे तर दोघांच्याही बाबतीत, मुलाचे कल्याण हाच सर्वोच्च विचार असतो. मुले ही आईबापांची मालमत्ता किंवा खेळणी नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच रोझी जेकब प्रकरणात म्हटले आहे.

छळाचा आरोप ताब्याच्या विचारात येतो, तो या कल्याणाच्या वाटेने. २००८ मधील निलरतन कुंडू प्रकरणात मुलाच्या आईच्या मृत्यूबद्दल वडिलांवर छळाचा आणि हुंडाबळीचा खटला प्रलंबित होता, तरी खालच्या न्यायालयांनी ताबा वडिलांना दिला होता. तो प्रलंबित खटला विचारात घ्यायलाच हवा होता असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने मूल आजी-आजोबांकडे ठेवले. यावरून आरोप झाला की ताबा गेला, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. नवरा म्हणून वागणूक वाईट असेल, पण बाप म्हणून तो चांगला आहे, हा युक्तिवाद आमच्या न्यायालयात रोज ऐकू येतो आणि त्याला उत्तर पुराव्यानेच द्यावे लागते.

सातपूरकर

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण मी त्या प्रश्नाच्या पलीकडच्या बाजूला उभा राहिलेला माणूस आहे.

माझ्या पत्नीने दिलेल्या तक्रारीत माझे, माझ्या आईचे आणि धुळ्याला नांदणाऱ्या माझ्या बहिणीचे नाव होते. आरोप चार होते : मी मारहाण केली, आम्ही माहेरून पैशांची मागणी केली, आईने तिला उपाशी ठेवले आणि बहिणीने तिचे दागिने काढून घेतले. यांतील पहिला आरोप खरा होता. मी तिच्यावर दोनदा हात उचलला होता. हे लिहिताना मला कोणतेही समर्थन करायचे नाही.

मी उत्तरात काय लिहिले? तर, मी कधीही हात उचललेला नाही. आजूबाजूच्या सर्वांनी हेच सुचवले आणि मलाही ते सोयीचे वाटले. उलटतपासणीत माझाच एक जुना संदेश पुढे आला, ज्यात मी तिची क्षमा मागितली होती. त्या दिवसानंतर माझ्या इतर खऱ्या म्हणण्याचेही वजन गेले. तिच्या बाजूनेही तसेच घडले. ज्या तारखेला माझ्या बहिणीने दागिने हिसकावले असे लिहिले होते, त्या दिवशी ती धुळ्यात प्रसूतीसाठी रुग्णालयात दाखल होती. माझ्या पत्नीला खरोखर मार बसला होता, आणि तीन बनावट आरोपांच्या ओझ्याखाली तिचा तो एकमेव खरा आरोप दबला गेला. कोणी तिला तसे लिहायला लावले, हे मला ठाऊक आहे; ती तुमच्या आत्यासारखीच एक हितचिंतक व्यक्ती होती.

या सगळ्यात १४ महिने मी माझ्या मुलीला पाहिले नाही. त्यानंतर न्यायालयाच्या आवारात दर दुसऱ्या शनिवारी दोन तासांची भेट मिळाली. शेवटी परस्परसंमतीने घटस्फोट झाला. मुलगी आईकडे असते आणि मला ते मान्य आहे. बहिणीला सांगा की जे घडले तेवढेच लिहा, आणि जे घडले त्यातले काहीही गाळू नका.

न्यायपथ

सातपूरकरांनी जे लिहिले ते लिहिण्यास मोठे धैर्य लागते. त्यांच्या अनुभवाला कायद्याची जोड देतो.

सर्व नातेवाइकांची नावे घालण्याची पद्धत आता तक्रारदार स्त्रीलाच महाग पडते. नेमकी घटना, नेमकी तारीख आणि नेमकी कृती नसताना कुटुंबातील सगळ्यांना आरोपी करणाऱ्या तक्रारी रद्द करण्याची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मधील कहकशां कौसर आणि डिसेंबर २०२४ मधील दारा लक्ष्मी नारायण या प्रकरणांत घेतली आहे. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी सगळे तुरुंगात जातील, ही समजूतही जुनी झाली. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांना अटकेची कारणे नोंदवावी लागतात, आणि अटकेची गरज नसेल तर केवळ हजर राहण्याची नोटीस दिली जाते.

खोट्या आरोपांचा घटस्फोटावर थेट परिणाम होतो. २०१३ च्या के. श्रीनिवास राव प्रकरणात जोडीदाराविरुद्ध निराधार व बदनामीकारक तक्रारी करणे हीच मानसिक क्रूरता मानली गेली. हा नियम पुरुषांनाही लागू आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातीलच आहे. २००३ च्या भाटे प्रकरणात पतीने आपल्या लेखी जबाबात पत्नीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले, आणि पुढे दुरुस्ती करून ते आरोप काढून टाकले. तरीही एकदा केलेल्या आरोपांनी झालेली क्रूरता पुसली जात नाही असे ठरून पत्नीला घटस्फोट मिळाला. बहिणीच्या नवऱ्याच्या अर्जात तिच्या चारित्र्याविषयी एखादे वाक्य असेल, तर ते तुमच्या वकिलांना आवर्जून दाखवा.

मात्र एक फरक कोणीही विसरू नये. आरोप सिद्ध न होणे आणि आरोप खोटा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. चार भिंतींच्या आत घडलेल्या मारहाणीला साक्षीदार कोठून मिळणार? पुराव्याअभावी नवरा निर्दोष सुटला म्हणून पत्नी खोटारडी ठरत नाही. तिने जाणूनबुजून असत्य सांगितले, हे दाखवण्याची जबाबदारी असे म्हणणाऱ्यावर असते.

आणखी एक गंभीर गोष्ट. ताब्याच्या भांडणात मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचा आरोप कधी कधी केला जातो. तशी खरी शंका असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ती कळवणे बंधनकारक आहे, आणि क्षणभरही थांबू नये. परंतु भेटी थांबवण्यासाठी कोणी असा आरोप रचला, तर त्या लहान जिवाला वैद्यकीय तपासणीतून आणि पुन्हा पुन्हा होणाऱ्या चौकशीतून जावे लागते. दुष्ट हेतूने खोटी तक्रार करणाऱ्यास त्याच कायद्याच्या कलम २२ मध्ये शिक्षाही सांगितली आहे.

निफाडचे काका

मी वयाने ७१ वर्षांचा आहे. आमच्या भागात अशी प्रकरणे दोन्हीकडची चार वडीलधारी माणसे बसून मिटवीत आली आहेत. न्यायालयात गेले की दहा वर्षे जातात, द्राक्षबाग विकून वकिलांचे पैसे द्यावे लागतात आणि मुले आईबापांविना वाढतात. एकदा बैठक घेऊन पाहावी, मुलांचे काय ते लिहून घ्यावे, आणि शक्य असेल तर मुलांसाठी तरी पुन्हा नांदावे, असे मला मनापासून वाटते.

समुपदेशिका नाशिकरोड

काका, आपल्या वयाचा आणि हेतूचा मान राखून लिहिते. गेली बारा वर्षे मी हिंसाग्रस्त महिलांचे समुपदेशन करते. दागिने, सामान, खर्चाची रक्कम, शाळेची फी यांविषयी वडीलधाऱ्यांच्या बैठकीत तोडगा निघू शकतो आणि निघतोही. परंतु जिचे हाड मोडले आहे, तिला ज्याने ते मोडले त्याच्यासमोर बसवून "तुला काय हवे ते मोकळेपणाने सांग" असे म्हटले, तर ती मोकळेपणाने कशी बोलणार? मी पाहिलेल्या अनेक बैठकींत स्त्री मान खाली घालून "तुम्ही म्हणाल तसे" एवढेच म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा आमच्याकडे आली. शिवाय मुद्रांक कागदावर लिहून घेतलेल्या सोडचिठ्ठीने, विशिष्ट रूढी सिद्ध करता आल्याखेरीज, हिंदू विवाह संपत नाही, आणि मुलांच्या ताब्याविषयी तेथे केलेला करार न्यायालयाला बांधून ठेवत नाही.

"मुलांसाठी नांदावे" याविषयी माझे मत अगदी स्पष्ट आहे. आईला मार बसताना जे मूल शेजारच्या खोलीत उशीखाली डोके घालून पडलेले असते, त्या मुलावरही तो आघात होतच असतो. अशी मुले अंथरूण ओले करतात, शाळेत अचानक गप्प होतात, धाकट्या भावंडाला आईच्या शब्दांत समजावतात, किंवा मोठेपणी बापासारखाच हात उचलतात. वकीलसाहेबांनी सांगितलेल्या "बाप म्हणून तो चांगला आहे" या युक्तिवादाला माझ्या लेखी हेच उत्तर आहे, आणि ते शाळेतील बाई, बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्या नोंदींतून मांडता येते.

ताई, तुमच्या बहिणीच्या मौनाबद्दल लाज बाळगू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे तरी मदत मागितली होती. मौन हाच आपल्याकडचा सर्वसाधारण प्रकार आहे, आणि न्यायाधीशही हे जाणतात.

केसपेपरवरील "पाय घसरून पडल्या" ही नोंद लपवू नका. ती समोरच्या बाजूने पुढे आली तर तुम्ही लपवल्यासारखे दिसेल. तुम्ही स्वतः पुढे आणून, त्या वेळी नवरा शेजारी उभा होता हे शपथेवर सांगितले, तर तोच कागद अस्थिभंगाची तारीख सिद्ध करणारा पुरावा होतो. त्या मोडीचे एक्स-रे मिळवा. त्यानंतर एका वहीत घटना क्रमाने लिहायला तिला सांगा. अचूक तारीख आठवली नाही तर तिने ती बनवू नये. "मुलीच्या बालवाडीच्या पहिल्या आठवड्यात", "संक्रांतीच्या आदल्या दिवशी" असे लिहिले तरी चालते, आणि माझ्या अनुभवाने अशा नोंदी अधिक खऱ्या वाटतात. फोनमधील संदेश खोडू नका, त्यांत काटछाट करू नका, आणि मूळ फोन जपून ठेवा, कारण डिजिटल पुराव्यासोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र द्यावे लागते. पतीपत्नींमधील संभाषणाचे गुप्त ध्वनिमुद्रण वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येते, असा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२५ चा निर्णय आहे. परंतु मुलांच्या हाती फोन देऊन बापाचे बोलणे टिपायला लावण्याचे काम कृपया कोणीही करू नये.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांकडे घटनेचा अहवाल तयार करून घेता येतो. तो नसला तरी अर्ज थांबत नाही, परंतु असल्यास फार उपयोगी पडतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो. त्यासाठीचा क्रमांक १५१०० आहे, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या वेळी ११२.

ओझरचा लेक

बरेच दिवस हा धागा वाचत होतो. तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी उत्तर दिलेले नाही, म्हणून लिहितो.

मी दहा वर्षांचा असताना मला न्यायाधीशांच्या दालनात नेले होते. आता मी सत्तावीस वर्षांचा आहे. त्या बाई अतिशय शांतपणे बोलल्या. त्यांनी मला शाळेविषयी विचारले, मला कोणता विषय आवडतो ते विचारले, रात्री मी कोणाजवळ झोपतो ते विचारले. "तुला कोण हवे?" असे त्यांनी एकदाही विचारले नाही. पण मला त्याच प्रश्नाचे उत्तर पाठ करून आणायला सांगितलेले होते. आदल्या रात्री आईने सांगितले होते की पप्पांनी मारलेले सगळे सांग. त्याच्या आदल्या रविवारी आत्याने सांगितले होते की आई दिवसभर फोनवर असते, असे सांग. मी दोन्ही सांगितले. मला वाटले, दोघांचेही ऐकले की दोघेही राहतील.

पप्पा आईला मारत असत, हे खरे होते. मी ते पाहिले होते. परंतु माझ्या तोंडी ते पाठ केलेल्या धड्यासारखे आले, आणि पुढे आईच्या वकिलांनी सांगितले की माझे म्हणणे शिकवलेले असल्याचा शेरा नोंदीत आला आहे. जे मी पाहिले होते तेच शिकवलेले ठरले. अंतिम निकालात ताबा आईकडेच राहिला, पण त्याला आणखी दोन वर्षे लागली, आणि त्या दोन वर्षांत आपल्या बोलण्यामुळे आईची बाजू पडली, असे मला रोज वाटत राहिले. हे ओझे मी कोणालाही सांगितले नव्हते.

आपल्या भाचीला काहीही शिकवू नका. तिला विचारूही नका. न्यायाधीशांना योग्य वाटले तर ते तिला बोलावतील, आणि तेव्हा तिला एवढेच सांगा की तुला जे माहीत आहे ते सांग, आणि आठवत नसेल तर आठवत नाही असे सांग, तुझ्या बोलण्यावर काहीही ठरणार नाही. हे शेवटचे वाक्य मला त्या वेळी कोणी तरी सांगायला हवे होते.

न्यायपथ

ओझरच्या मित्राचे म्हणणे कायद्याशी तंतोतंत जुळते. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मोठे असेल तर तिचा विचार होतो. परंतु पसंती हा अनेक घटकांपैकी एक घटक आहे, आणि पढवलेली पसंती उलटते. एका पालकाविरुद्ध मुलाचे मन जाणीवपूर्वक कलुषित करणे हेही ताब्याच्या निर्णयात मोजले जाते. बहिणीवर तोच आरोप झालेला असल्याने, मुलांसमोर नवऱ्याविषयी घरातील कोणीही बोलू नये, आत्यांनीही नाही.

भेटींविषयीही आताच सांगून ठेवतो. बापाला भेट नाकारायची असेल तर त्या भेटीने मुलाचे अहित होईल असे दाखवावे लागते. तसे दिसले तर कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांनी भेट नाकारायची असते. ते दाखवता येत नसेल, तर न्यायालयाच्या आवारात तिसऱ्या व्यक्तीच्या देखत भेट, हस्तांतराच्या वेळी पतीपत्नी समोरासमोर न येणे, आणि सुरुवातीला कमी वेळ, अशा अटी मागाव्यात. कोणताही आदेश नसताना भेटी पूर्णपणे तोडून टाकल्या, तर पुढे तेच तिच्याविरुद्ध मांडले जाते. संरक्षण आदेश मोडणे हा मात्र स्वतंत्र गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, हे नवऱ्याच्या बाजूनेही जाणून असावे.

गोदातीर

चार महिन्यांनी लिहीत आहे. आपण सर्वांनी दिलेला वेळ आम्ही वाया घालवला नाही.

विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळालेल्या वकील बाईंनी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. प्रतिवादी म्हणून केवळ नवरा आणि सासू यांची नावे घातली, कारण बहिणीला जे सांगायचे होते ते या दोघांविषयीच होते. दोन्ही नणंदांपैकी एकीने तिला एकदा स्वतःच्या घरी ठेवून घेतले होते, हेही तिने अर्जात लिहिले. आत्या नाराज झाल्या, पण बहीण ठाम राहिली. केसपेपरची नोंद आम्हीच पहिल्यांदा दाखल केली. एक्स-रे जुन्या पिशवीत घडी घालून ठेवलेला सापडला.

अंतरिम आदेशाने नवऱ्याला तिच्याशी संपर्क करण्यास मनाई झाली असून मुले तूर्त आईकडे राहतील. मुलांच्या खर्चासाठी दरमहा रक्कम ठरली. पहिल्या महिन्याची आली, दुसऱ्या महिन्याची अजून आलेली नाही. कौटुंबिक न्यायालयातील घटस्फोटाचा दावा चालू आहे आणि तो लवकर संपणार नाही, हे आम्हाला समजले आहे. न्यायाधीशांनी भाचीला अद्याप बोलावलेले नाही, आणि आम्ही तिला काही विचारलेले नाही. ती आपणहून एवढेच म्हणाली की पंचवटीच्या घरात रात्री दार आपटत नाही.

येत्या दुसऱ्या शनिवारी बापाबरोबरची पहिली भेट आहे, न्यायालयाच्या आवारात, एक तास. मुलांना मी घेऊन जाणार आहे. भाची शांत आहे, परंतु तीन वर्षांचा भाचा मला सोडून कोणाकडे जात नाही. सातपूरकर दादा, आपण त्या खोलीत बसलेले आहात, म्हणून आपल्यालाच विचारते : त्याच्यासाठी काय करावे?

सातपूरकर

ताई, अर्धा तास आधी पोहोचा, म्हणजे त्याला ती जागा आधी पाहता येईल. त्याच्या रोजच्या खेळण्यांतले एक, त्याची पाण्याची बाटली आणि त्याला आवडणारा खाऊ घरूनच न्या. तो खाऊ बापाच्या हाती द्या आणि त्यालाच भरवू द्या. सोडताना गुपचूप निघून जाऊ नका, "मी बाहेर बाकावर बसले आहे" असे त्याला सांगा आणि खरोखर तेथेच बसा. माझी मुलगी पहिल्या भेटीत संपूर्ण वेळ रडली होती. मी तिला घरी काय चालले आहे, आई काय म्हणते, असे प्रश्न विचारत होतो, म्हणून ती अधिक रडली. दुसऱ्या भेटीत मी काहीही विचारले नाही, फक्त रंगाच्या खडूंची पेटी नेली. मुलांच्या वडिलांना हे सांगण्याची काही सोय असेल, म्हणजे वकिलांमार्फत किंवा तेथील समुपदेशकांमार्फत, तर अवश्य सांगा.

आणि तो रडला तर ती भेट फसली, असे त्याच दिवशी कोणी लिहून काढू नये. तीन वर्षांचे मूल आहे. त्याला दोनतीन शनिवार द्या.